गेरूची रेघ

"अहो, गुडघा माझा सुजलाय, तुमचा नाही! उचला तो गेरूचा डबा."

इवाओ, माझा नवरा, दाराशी खिळल्यासारखा उभा. बाहेर मे महिन्याचं सकाळचं ऊन बर्फावर चमकत होतं. सकाळी कडक असलेला बर्फ दहानंतर भुसभुशीत होतो. सहा पाहुण्यांना त्याआधी उतरायचं होतं, आणि उतारावर रेघ नव्हती.

बर्फाखाली पायवाट दिसत नाही. म्हणून डोंगरावरच्या आमच्या निवाऱ्यातलं कुणीतरी काठी खुपसत पुढे जातं आणि गेरू भुरभुरत लाल रेघ ओढतं. लोक तिच्यावरून निर्धास्त चालतात. पण गेरू ऊन धरतो, रेघेखालचा बर्फ लवकर विरतो. दर तीन दिवसांनी रेघ बाजूला सरकवावीच लागते. चार वर्षांपूर्वी, सुट्टीच्या गर्दीत, ह्यांनी ती सरकवली नाही. जुन्या रेघेवरच नवा गेरू टाकला. खाली ओढा होता. बर्फ खचून साकी नावाची मुलगी त्यात गेली. इकडेतिकडे पाऊलसुद्धा टाकलं नव्हतं हो पोरीनं.

तेव्हापासून रेघ मी ओढते. हे स्वयंपाकघरात उभे राहून म्हणतात, पायाखाली पाणी वाहतंय. ऑगस्टमध्ये, बर्फाचा कण नसताना, अंगण काठीनं ठोकून बघतात. मला भीती वाटते त्यांची.

"मी चालते यांच्यामागे." चुलीपाशी बसलेल्या कियोनोबाई उठल्या. साकीची आई. सत्तरी उलटलेली बाई काल पलीकडच्या डोंगराच्या धारेवरून चढून आली होती. ह्यांनी माफी मागत जमिनीला डोकं टेकलं, तर एक शब्द बोलली नव्हती.

"वाट बंद आहे, बाई," हे पुटपुटले.

"बर्फ वाईट आहे, की तुम्ही घाबरलात?"

ह्यांनी उंबरठा काठीनं ठोकून पाहिला.

"कालच्या माफीचं मी काय करू, मला कळेना. लोक म्हणतात, पोरीनं रेघ सोडली असणार. माझी साकी मूर्ख नव्हती. तुमच्या रेघेवर विसंबणं हा मूर्खपणा आहे का, एवढंच मला बघायचंय."

ह्यांनी डबा उचलला.

मी ओट्यावरून बघत होते. प्रत्येक पावलाला हे तीनतीनदा काठी खुपसत. बाई मागे उभी राही, घाई करत नव्हती. रांगेच्या शेवटी, ओट्यापाशीच थांबलेला एक पाहुणा कुरकुरला, "असं तर उद्या पोहोचू!" मी म्हटलं, "मग उद्या पोहोचा."

ओढ्याच्या वर हे थांबले. निम्मा गेरू एकाच जागी सांडला. बाई काहीतरी बोलली, ते मला ऐकू आलं नाही. मग हे डावीकडे वळले, झाडांच्या बाजूनं, लांबच लांब वळसा घालून. एवढी वाकडी रेघ त्यांनी आयुष्यात ओढली नसेल.

बर्फ संपतो तिथपर्यंत सगळ्यांना सोडून हे दुपारी परतले. तांदूळ धुवायला बसले. फोन वाजला.

"खाली गावात पोहोचले हो," कियोनोबाई म्हणाल्या. "त्यांना सांगा."

मी सांगितलं. हे ओल्या हातांनी उठले. "नक्की? पुन्हा विचार."

मी फोन त्यांच्याच कानाला लावला. पलीकडे बाई रडत होती, मलासुद्धा ऐकू येत होतं. दोघांपैकी फोन मात्र कुणीच ठेवला नाही.