सात बटणं

सकाळचं ऊन आमच्या बालवर्गात एकदम शिरत नाही. आधी ते खिडकीच्या गजांवर रेंगाळतं, मग फरशीवर चार तिरके पट्टे आखतं, खडूची धूळ उगाचच सोनेरी करतं आणि अखेर बुटक्या टेबलांपर्यंत येऊन थबकतं. मुलं येण्याआधीचा तो अर्धा तास मी एकटाच त्याच्याकडे पाहत बसतो. त्या दिवशी मात्र पाहता पाहता हात कामात होते. ताईच्या शिवणकामातून उरलेली सात रंगीत बटणं मी एका ताटलीत गोलाकार मांडत होतो.

ताईची मुलगी भिंगरी माझ्याच वर्गात. आज मोठ्या बाई तिला वस्तू मोजायला लावणार होत्या. जमलं तर ती सवंगड्यांबरोबर पहिलीत जाणार, नाहीतर आणखी एक वर्ष इथेच.

"मामा, बरोबर आलं तर बटणं माझी?"

"वर्गात सर म्हणायचं."

"बरं, सरमामा."

बाई आल्या. भिंगरीने एकेका बटणावर बोट टेकवत मोजलं आणि सातला थांबली. मी सुटकेचा निःश्वास टाकला. बाईंनी चष्म्यावरून पाहिलं ते तिच्याकडे नव्हे, माझ्याकडे.

"सर, जरा खिडकीकडे तोंड करून उभे राहा बरं."

"मी?"

"तुम्हीच. तुमची मान फार बोलकी आहे."

मी वळलो. पाठीमागे पुन्हा मोजणी सुरू झाली. सात आलं आणि गेलं. आठ, नऊ, दहा. बोट ताटलीभोवती फिरतच राहिलं. अकराला आवाज रडवेला झाला.

"मामा, इकडे बघ ना! कुठे थांबायचं ते कळत नाहीये."

बाईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "आकडे जिभेवर आहेत, बोटांत उतरायचेत," त्या मला हळूच म्हणाल्या. "शेरा तुम्हीच लिहा. मामा म्हणून नको, शिक्षक म्हणून."

शाळा सुटल्यावर मी अंड्यांचा रिकामा पुठ्ठा तिच्यापुढे ठेवला आणि पाठमोरा बसलो.

"रुसलास?"

"छे गं. माझ्याकडे बघायचं नाही, बटणांकडे बघायचं. एका खळग्यात एकच बटण, आणि टाकताना एकच आकडा."

दोन बटणं लगेच जमली. तीन बटणं मोजताना मात्र ती पाच वेळा चुकली. मान वळवण्याचा मोह मी ओठ घट्ट दाबून आवरला. सहाव्यांदा मागून आवाज आला, "तीन. संपली बटणं!"

"छान. आता चार."

चार जमली नाहीत. आम्ही पुन्हा तीनवर आलो.

तेवढ्यात ताई तिला न्यायला दारात उभी राहिली. "काय रे, झाली ना पास? शंभरपर्यंत घडाघडा म्हणते माझी पोर!"

"म्हणते, ताई. पण उद्यापासून तिला अर्धा तास लवकर आण. रोज."

"म्हणजे?"

उत्तर देण्याआधी मी शेऱ्याचा कागद पुढे ओढला. मोजताना तिचे डोळे माझ्या हनुवटीवर खिळलेले असतात आणि माझी मान हलली की ती थांबते, हे मला पहिल्याच महिन्यात दिसलं होतं. त्याला मी लाड म्हणत आलो होतो. पेनचं टोपण काढलं आणि लिहिलं: तिला अजून मोजता येत नाही.