कॉलरवरची फुलं

बाबा गेले त्या सकाळी मी त्यांचा जुना गणवेश इस्त्री केला आणि परवानगी मागायला छावणीत गेले. तो घालायचा त्यांचा हक्क अकरा वर्षांपूर्वी काढून घेतला होता. निदान शवपेटीत तरी तो अंगावर असावा, एवढंच मला हवं होतं.

बाबा ओल्म्युट्सच्या छावणीत रसदीचे अधिकारी होते. पाव उलटा करून बोटाने वाजवला की आत कच्चा आहे का ते सांगत. पण लढणाऱ्या अधिकाऱ्यांच्या कॉलरवर तारे असत, रसदवाल्यांच्या कॉलरवर भरतकामाची गोल फुलं. तरुण लेफ्टनंट भर चौकात विचारत, "काय माळीबुवा, बागेला पाणी घातलंत का आज?" बाबा हसून टोपीला हात लावत. शेजारी मी असे. मला मान वर करवत नसे.

अकरा वर्षांपूर्वी बादशहाच्या वाढदिवसाच्या संचलनासाठी त्यांनी नवी कॉलर माझ्याकडे शिवायला दिली. मी एकोणीस वर्षांची होते. फुलं बाजूला ठेवली आणि तारे लावले. बाबांना जवळचं नीट दिसत नसे, निघायची घाई होती. चर्चच्या पायरीवर एका लेफ्टनंटने ते तारे पाहिले आणि वर कळवलं.

चौकशीला जाताना ते एवढंच म्हणाले, "पोल्डी, तू गप्प राहायचंस." मी राहिले.

आज छावणीप्रमुखांच्या कचेरीत, त्यांच्या अ‍ॅडजुटंटसमोर बोलले. "ते तारे मी लावले होते, साहेब. त्यांना माहीतही नव्हतं."

त्यांनी जुनी फाईल मागवली आणि एक कागद माझ्याकडे वळवला. बाबांचं अक्षर होतं. 'तारे मी स्वतःच्या हाताने शिवले. मला ते हवे होते.'

"शपथेवर लिहिलंय," अ‍ॅडजुटंट म्हणाले. ते उर्मट नव्हते. "तुमचं खरं मानलं तर त्यांनी खोटी शपथ घेतली. तुमचं खोटं मानलं तर शिक्षा योग्यच होती. दोन्हीकडून गणवेश मिळत नाही, बाई."

घरी शेजारच्या सेडलाकबाई पाणी तापवून थांबल्या होत्या. "काय म्हणाले गं?"

"काळा कोट."

"मेल्यांच्या बापाचं काय जात होतं? धर, हात उचल त्यांचा."

आम्ही त्यांना कोट घातला. बाई गेल्यावर मी शिवणाचा डबा उघडला. ती फुलं अकरा वर्षं तळाशी होती. कोटाच्या आतल्या अस्तराला, कुणाला दिसणार नाहीत अशी टाचावीत म्हणून सुईत दोरा ओवला.

मग कागदावरचं ते दुसरं वाक्य आठवलं, 'मला ते हवे होते.' पहिलं त्यांनी माझ्यासाठी लिहिलं, हे कळत होतं. दुसरं कुणी विचारलं नसणार. नुसतं मला वाचवायचं असतं तर पहिलं पुरलं असतं.

म्हणजे चौकात हसताना त्यांनाही लागत होतं का? की ते वाक्यही माझ्याचसाठी? अकरा वर्षं एका टेबलावर जेवलो, मी विचारलं नाही.

फुलं लावू की तारे, मला कळेना. गाडी दारात आली तेव्हा सुई हातात तशीच होती. बाबा काहीच न लावता गेले.