आले, आले, बेड सहा

"आबा, अजून एकदा."

"अगं, किती छळशील? मशीनलासुद्धा काही अब्रू असते."

"अडतीस झाले, दोनच राहिलेत. आणि या वेळी खोकू नका."

मी स्टुलावर उभी राहून माईक धरला होता. आबा, म्हणजे माझे आजोबा, खुर्चीत बसून ऑक्सिजनच्या मशीनची नळी बोटांत दुमडत होते. हवा अडली किंवा नळी निसटली की पाच सेकंदांत ते मशीन किंचाळायला लागतं, तीन लांब आणि दोन आखूड. कॉम्प्युटरला एखादा आवाज ओळखायला शिकवायचा तर तो निदान चाळीस वेळा ऐकवावा लागतो, असं त्या प्रोग्रामच्या माहितीत लिहिलं होतं. आबांना दम लागायचा, म्हणून आम्ही रोज दहाच घ्यायचो. आज चौथा दिवस. आई ड्युटीवर गेली की आमचा स्टुडिओ सुरू.

"छापखान्यात तीस वर्षं मशीन चालवलं," आबा नळी सोडून मागे टेकले, "पण मशीनला रडवायचं काम म्हातारपणी नातीनंच दिलं."

छापखान्यानं आबांना पेन्शन दिली आणि छातीत घरघर दिली. दिवसातले सोळा तास नाकात नळी. बाबा मालवाहू बोटीवर, आठ महिन्यांनी घरी येतात. म्हणजे घरात आबा, मी आणि आई. आई आयसीयूत नर्स आहे, कायम रात्रपाळी. रात्रपाळीला भत्ता मिळतो आणि दिवसा आबांजवळ कुणीतरी घरात राहतं, हा आईचा हिशोब. त्या हिशोबात तिची झोप कुठे बसते हे कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही.

महिन्यापूर्वी मी शाळेतून आले तर आबांचे ओठ जांभळे पडलेले. नळी मशीनपासून निसटली होती, मशीन गप्प होतं आणि आई आतल्या खोलीत झोपलेली. आबा म्हणाले, मशीन वाजलंच नाही. काका आले, मशीन दुकानात घेऊन गेले. दुकानदार म्हणाला, काही बिघडलेलं नाही. काका म्हणाले, दुकानदार असंच म्हणणार, आणि नवीन घेऊन आले.

"वाजलं असतं तर मी उठले असते," आई म्हणाली होती. "एकोणीस वर्षं झाली. झोपेतसुद्धा बीप कळतो मला."

तेव्हाच मी ठरवलं, मशीनवर नजर ठेवायला दुसरं मशीन पाहिजे. बाबांचा जुना कॉम्प्युटर माळ्यावरून काढला. एका बाजूचं झाकण नव्हतं, पंखा घोरायचा, पण चालायचा. पंधरा दिवस मी अभ्यास सोडून (हे आईला माहीत नाही) घरातला प्रत्येक आवाज त्याला शिकवला. गॅस गळतीचा अलार्म, धुराचा अलार्म, दाराची बेल, कपडे धुवायच्या मशीनची ती नाचरी धून. पहिल्याच दिवशी त्यानं जाहीर केलं, गॅस गळती, खात्री एक्क्याण्णव टक्के. आम्ही खिडक्या उघडायला धावलो. बघतो तर आबा पडलेल्या दाताच्या फटीतून शीळ घालत होते.

"एक्क्याण्णव टक्के," आबा खूश झाले. "दहावीला मला एकोणचाळीस होते."

मग आबांची शीळही चाळीस वेळा रेकॉर्ड केली आणि कॉम्प्युटरला सांगितलं, हे म्हणजे संकट नव्हे.

शेवटी सगळं जमलं. ऑक्सिजनचं मशीन वाजलं की आईच्या उशाशी लाल दिवा लागणार. कॉम्प्युटर वेळ लिहून ठेवणार आणि तेवढा आवाज, पुढच्या अर्ध्या मिनिटासकट, जपून ठेवणार. वाजणं तीस सेकंदांत थांबलं नाही, तर खालच्या मजल्यावरच्या शिवणवाल्या काकूंना मेसेज जाणार. तीस सेकंदांत थांबलं तर सगळं ठीक, कुणीतरी आलं. हा नियम मी स्वतः लिहिला होता आणि मला त्याचा भारी अभिमान होता.

"इंजिनियरीणबाई," आबा म्हणाले, "आता निवांत शाळेत जा."

बुधवारी मी परत आले ती बूट न काढताच कॉम्प्युटरकडे. एक नोंद होती. दोन वाजून बावन्न मिनिटं चार सेकंदांनी मशीन वाजलं, तेराव्या सेकंदाला थांबलं. फक्त नऊ सेकंद. मी हात वर करून एक गिरकीच घेतली.

"आबा, नऊ सेकंदांत उठली आई."

आबा खुर्चीच्या टोकाला, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून बसले होते आणि त्यांचे ओठ पुन्हा तसेच दिसत होते. नळी खुर्चीच्या पायाखाली चिरडली होती. मी खुर्ची उचलली, नळी ओढली. हवा सुरू झाली. पाच-सहा मिनिटं मी त्यांची पाठ चोळत राहिले, तेव्हा कुठे त्यांना शब्द फुटला.

"खुर्ची सरकवायला गेलो. वाकलं की दम लागतो."

"पण आई आली होती ना?"

"आली. आवाज बंद करायचं बटण दाबलं आणि गेली. डोळे उघडे होते तिचे, पण त्यात ती नव्हती."

"मग हाक मारायची. चाळीस मिनिटं बसून राहिलात?"

"दोन तास झाले असतील तिला पडून. म्हटलं, तू येशीलच."

मला एकदम काहीतरी कळलं. "मागच्या वेळी पण असंच झालं होतं?"

"मागच्या वेळी मशीन बिघडलं होतं," आबा खिडकीकडे बघत म्हणाले.

"आबा."

"तुझ्या काकाला काहीतरी विकत घ्यायचंच होतं. घेऊ दे."

मी हेडफोन लावून ते रेकॉर्डिंग ऐकलं. तीन लांब, दोन आखूड. दाराची कडी. फरफटत येणाऱ्या चपला. मग आईचा आवाज. घरातला नाही. कामावरचा, गोड आणि सपाट. "आले, आले, बेड सहा." टक. शांतता. चपला परत गेल्या.

म्हणजे मशीनला वाटलं माणूस आलं, माझ्या प्रोग्रामलाही वाटलं माणूस आलं, आणि आईच्या हाताला वाटलं काम झालं. आवाज थांबला की संकट संपलं, असं आम्ही तिघांनीही धरून चाललो होतो.

पाच वाजता आई उठली. डोळ्यांखाली उशीचे वळ. चहाचा कप घेऊन आबांजवळ बसली, सवयीनं त्यांची नाडी बघितली आणि मला म्हणाली, "काय गं, आज तोंडाला कुलूप? वाजलं का काही तुझं?"

आईच्या खांद्यावरून आबांनी मला डोळ्यांनी सांगितलं, नको.

"वाजलं," मी म्हटलं.

"मग? मी उठले?"

"उठलीस."

"बघ. म्हटलं नव्हतं?" ती हसली. कितीतरी दिवसांनी हसली, आणि तिथेच सोडून द्यावंसं मला फार वाटलं. मी पंधरा दिवस ज्याच्या बढाया मारत होते ते यंत्र चाललं होतं, आई खूश होती, आबा जिवंत होते. पण उद्या गुरुवार होता आणि मला शाळेत जायचं होतं.

मी हेडफोन तिच्या हातात दिले.

तिनं एकदा ऐकलं. मग मला खूण केली, पुन्हा लाव. तिसऱ्यांदा तिनं स्वतःच बटण दाबलं. चहावर साय धरली.

"पुढे काय आहे?" तिनं विचारलं.

"चपला. मग पलंगाचा आवाज. मग काही नाही."

"म्हणजे मी पेशंटकडे बघितलं नाही."

"सूनबाई," आबा म्हणाले, "माणूस दमतं."

"तुम्ही मागच्या वेळीही बघितलं होतं मला?"

आबांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकानं पुसत बसले. चष्मा स्वच्छच होता.

"मला सांगितलं का नाहीत, आबा?"

"सांगून तुझी झोप थोडीच वाढणार होती?"

आईनं उठून युनिफॉर्मला इस्त्री केली. रोजच्यासारखी पटापट नाही. एकेक घडी दोनदा दाबत होती.

"मी आज तासभर आधी निघते. मेट्रनबाईंना भेटायचंय."

"कशाला?" मी घाबरले. "आई, हे घरातलं आहे. इथे तू झोपेत होतीस. तिथे तू जागी असतेस."

"पहाटे चारला मी जागी असते की नुसती उभी असते, हे मला आता माहीत नाही."

"पण कुणाला कळलंय?"

"मला कळलंय ना," आई म्हणाली.

मी हट्टानं तिच्याबरोबर गेले. शिवणवाल्या काकू आबांजवळ येऊन बसल्या, हातशिलाई घेऊन. मेट्रनबाईंच्या खोलीला वरच्या अर्ध्या भागात काच होती. बाहेरच्या बाकावरून मला आईची पाठ दिसत होती. मेट्रनबाईंनी खुर्ची दाखवली. आई बसली नाही. ती बराच वेळ बोलली, हात न हलवता. मेट्रनबाईंनी आधी मान नाकारार्थी हलवली, मग पेन खाली ठेवलं, मग नुसत्याच बघत राहिल्या.

आई बाहेर आली तेव्हा तिच्या छातीवर आयसीयूचा निळा बिल्ला नव्हता. तिथे टाचणीची दोन बारीक भोकं होती.

"काय म्हणाल्या?"

"ड्रेसिंगचं सामान भरायची खोली. दिवसपाळी, सोमवारपासून. तोवर रजा. आबांसाठी दुपारची बाई बघावी लागेल." थोडं थांबून म्हणाली, "भत्ता गेला. बघू."

बाहेरची वाट आयसीयूवरूनच होती. आम्ही मोठ्या काचेपाशी आलो आणि आत कुठेतरी बीप सुरू झाला. आईचा हात उठला, अर्ध्यावरच थांबला. तिनं तो दुसऱ्या हातात धरला. आत एक नवी, बारीकशी नर्स पलंगाकडे धावली. मला ती माझ्याच वयाची वाटली.

आवाज वाजतच होता. कुणालाही वाटलं असतं, आधी बंद कर बाई ते. ती मुलगी मात्र वाकली, म्हाताऱ्या माणसाच्या तोंडाकडे बघितलं, बोटांची नखं बघितली, छातीपासून मशीनपर्यंत सगळी नळी हातानं चाचपत गेली. मग बटण दाबलं.

आई काचेपासून हलेना. आत तो माणूस काहीतरी बोलला, ती मुलगी त्याच्या अंगावरचं पांघरूण सारखं करू लागली.

"आधी पेशंट बघितला तिनं," आई म्हणाली. आणि मग आम्ही जिना उतरायला लागलो.