हरण्यासाठी ठेवलेला

मी उभा व्हॅक्यूम क्लीनर बोलतोय. थांबा, तिथूनच ऐका, फार जवळ येऊ नका. तुम्ही नुसतं ऐकायला आलात की भंगारासाठी माझं वजन बघायला, हे मला अजून कळलेलं नाही. गोड बोलून माझ्या दांड्याला हात घालणारे मी पुष्कळ पाहिलेत. तेव्हा आधी मी बोलतो, तुमचं काय ते मग बघू.

माझा जन्म कारखान्यातला. मला बनवणारी माणसं चांगली होती, एवढं मी मान्य करतो. अंग पत्र्याचं, दांडा लोखंडी, धूळ साठवायला जाड कापडाची पिशवी, आणि जोडकामाला प्लॅस्टिकच्या खिट्या नाहीत, चांगले स्क्रू. आतला रबरी पट्टा झिजला तर बदलता येईल अशी सोय. शेवटी एक तपासनीस आला. त्याने बटण दाबून मला चालवून बघायचं आणि मग अंगावर ‘तपासले’ अशी चिठ्ठी चिकटवायची, असं ठरलेलं होतं. तो फोनवर कुणाशी तरी तावातावाने भांडत होता. भांडता भांडता त्याने चिठ्ठी चिकटवली आणि पुढे गेला. बटणाला बोटसुद्धा लावलं नाही. मी चांगला निघालो हे माझं नशीब, पण छापील चिठ्ठ्यांवरचा माझा विश्वास त्याच दिवशी उडाला.

तिथून मी एका मोठ्या रस्त्यावरच्या दुकानात आलो. दुकानातल्या विक्रेत्याला मी मनातल्या मनात गोडबोल्या म्हणायचो. गिऱ्हाईक दारात दिसलं की त्याच्या चेहऱ्यावर हसू यायचं आणि गिऱ्हाईक वळलं की ते लगेच मावळायचं. त्याने मला खोक्यातून काढून काचेजवळ उभं केलं, तेव्हा मला वाटलं, चला, आपल्याला मान मिळाला. माझ्याशेजारी त्याने दुसरा एक उभा केला. त्याचं पोट पारदर्शक, अंगावर निळे दिवे, आणि किंमत माझ्या दुपटीहून जास्त. हा झगमग्या.

मग एका सकाळी, दुकान उघडण्याआधी, गोडबोल्या मला आतल्या खोलीत घेऊन गेला. त्याने माझ्या खालच्या झाकणाचे स्क्रू काढले, स्वतःच्या पिशवीतून एक जुना लोकरी मोजा काढला आणि धूळ जिथून वर पिशवीत चढते त्या नळीच्या वळणात तो कोंबला. चांगला दाबून बसवला. मग झाकण लावलं आणि मला पुन्हा काचेजवळ आणून उभं केलं.

पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. रोज गिऱ्हाइकांसमोर गालिच्याच्या तुकड्यावर पीठ सांडायचं. आधी मला चालवायचं. मी घरघर करायचो, तापायचो, वास मारायचो, आणि पीठ जागच्या जागी. “बघा बिचारा!” असं म्हणून गोडबोल्या हळहळायचा. मग झगमग्या एका फटक्यात सगळं ओढून घ्यायचा. लोक टाळ्या वाजवायचे, मुलं मला हसायची. मला बोलता येत असतं तर मी पहिल्याच दिवशी ओरडलो असतो. पण मला फक्त घरघरता येतं, आणि त्या घरघरीचा अर्थ सगळे एकच काढायचे. तेव्हापासून माझ्याशी कुणी गोड बोललं की माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकते.

अशात एक दिवस बाई आल्या.

बाई म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. परीक्षेच्या वर्गावर त्यांची नेमणूक झाली की मुलं कॉपीच्या चिठ्ठ्या दाराबाहेरच टाकून यायची, हे त्यांच्या जावयानेच गोडबोल्याला कौतुकाने सांगितलं. जावई सोबत आला होता. त्याचा स्वभाव बाईंच्या अगदी उलटा. समोरचा जे सांगेल ते त्याला पटायचं. याआधी त्याने दोन व्हॅक्यूम क्लीनर असेच पटून घेतले होते आणि दोन्ही वर्षभराच्या आत गॅलरीत जाऊन पडले होते. एकाची खिटी तुटली, दुसऱ्याची बॅटरी मेली. बाई मुलीकडेच राहायच्या, आणि मुलीला धुळीचा खोकला. भाड्याच्या घरात आधीच्या कुणीतरी जमिनीला चिकटवून ठेवलेला गालिचा, तो काढताही येईना. शेवटी मुलगी म्हणाली होती, “आई, या वेळी तू निवड. टिकेल असं बघ.”

ही गोष्ट बाईंनी फार मनावर घेतली होती, हे त्यांच्या चालण्यावरूनच दिसत होतं.

त्यांनी आधी झगमग्याला धरलं. “हा उघडतो कसा?”

“मॅडम, उघडायची गरजच नाही. सीलबंद आहे.”

“सीलबंद म्हणजे? आत काय आहे ते मला दिसू नये म्हणून?”

“तसं नाही मॅडम…”

“पट्टा तुटला तर?”

“तुटतच नाही.”

“न तुटणारा पट्टा कोण बनवतं, मला पत्ता द्या.”

गोडबोल्या हसला. जावईही हसला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी झगमग्याच्या पोटावर बोटाने टकटक केलं, खिटी काढघाल करून बघितली, आणि बटण इतक्या वेळा दाबलं की गोडबोल्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. त्याने घाईघाईने पीठ सांडलं आणि नेहमीचा खेळ लावला. मी हरलो, झगमग्या जिंकला. जावई टाळ्या वाजवायला गेला आणि सासूकडे बघून थांबला.

बाई माझ्याकडे बघत होत्या. “हा रोज असाच हरतो?”

“रोज, मॅडम. काय करणार, जुन्या पद्धतीचा आहे.”

“मग ठेवलाय कशाला?”

गोडबोल्या फडकं घेऊन झगमग्याचं पोट पुसू लागला. इतक्या दिवसांत हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता.

बाई खाली वाकल्या. माझे स्क्रू बघितले, पत्र्यावर हात फिरवला, दांडा हलवून बघितला. मग उभ्या राहून म्हणाल्या, “ज्याला रोज सगळ्यांसमोर नापास करतात, त्याचा पेपर मी स्वतः तपासते. मला हाच हवा.”

खोटं कशाला बोलू, माझं अंग शहारलं. आणि लगेच संशयही आला. ही बाई मला का घेते आहे? हिला काय हवं आहे?

गोडबोल्याचा चेहरा मात्र उतरला. “घ्या ना, मॅडम! आतून नवा खोकाबंद काढून देतो.”

“नको. खोक्यात काय आहे कुणास ठाऊक. हाच.”

“मग निदान आत नेऊन साफ करून देतो. दोन मिनिटं.”

“माझ्यासमोर करा.”

झालं! अहो, नेऊ द्यायला हवं होतं त्याला! त्याला आत जाऊन मोजाच काढायचा होता. पण बाई डोळ्यांत तेल घालून बघत उभ्या राहिल्या. त्याने मला फडक्याने वरवर पुसलं, आणि माझा गळा तुंबलेला तसाच राहिला. जाताना त्याने बजावलं, “स्क्रू उघडू नका हं. वॉरंटी जाईल.” ज्या मला तो रोज हरवायचा, त्या माझ्या तब्येतीची त्याला एकदम एवढी काळजी!

घरी सगळे खुर्च्या ओढून बसले. बाईंनी प्लग लावला, बटण दाबलं, आणि मी जे दुकानात करायचो तेच केलं. घरघर, ताप, वास. गालिच्यावरचा दोरासुद्धा हलला नाही.

बाईंनी पुन्हा ओढलं. पुन्हा. मग उलट्या दिशेने.

“तापायला वेळ लागत असेल, आई,” जावई म्हणाला. तो मनापासून म्हणाला, म्हणून ते बाईंना जास्त लागलं.

धूळ उडाली होती, मुलीला खोकल्याची उबळ आली. ती ओसरल्यावर ती म्हणाली, “आई, सगळ्यांना सरळ दिसतं ते तुला का दिसत नाही गं? दुकानात तुझ्यासमोर हरला ना हा? डॉक्टरांच्या गोळीवर संशय, शेजारच्यांच्या चावीवर संशय, आणि आता चांगल्या मशीनवरही संशय. एक गोष्ट सोपवली होती तुझ्यावर. एकच.”

बाईंनी बटण बंद केलं. वायर गुंडाळून त्यांनी मला भिंतीला टेकवलं आणि आत निघून गेल्या.

त्यानंतर जे झालं ते मला बघवलं नाही. बाई बदलल्या. दाराची बेल वाजली की आधी भोकातून बघणाऱ्या बाई आता सरळ दार उघडू लागल्या. दुधाच्या पिशवीवरची तारीख बघेनाशा झाल्या. एकदा प्लंबर आला आणि नळाचं भलतंच कारण सांगून गेला, तर त्या नुसतं “बरं” म्हणाल्या. जावयालासुद्धा चुकल्यासारखं झालं. तो म्हणाला, “आई, काहीतरी विचारा की त्याला!” त्या म्हणाल्या, “तुम्हीच बघा, जावईबापू. मला काय कळतंय.”

मला कुणाचीच दया येत नाही, असं मी समजत होतो. पण त्या वाक्याने मला रडू आलं असतं. जन्मभर ज्या नजरेवर ही बाई उभी होती, ती नजरच तिने माझ्यापायी टाकून दिली होती. आणि तिची नजर चुकली नव्हती हो! पुरावा माझ्या गळ्यात अडकलेला होता आणि मी भिंतीला टेकून मूग गिळून उभा होतो.

जावयाने शेवटी दुकानात फोन केला. फोन ठेवून तो खुशीत बाहेर आला. मुलगी जेवणाच्या टेबलाशी डबे भरत होती, बाई खिडकीशी वर्तमानपत्र घेऊन बसल्या होत्या.

“झालं काम! परत घेतोय तो. बदल्यात दुसरा देतो म्हणाला, निळ्या दिव्यांचा. थोडे वरचे द्यावे लागतील. पण काय भला माणूस! मला म्हणाला, साहेब, तुम्ही अजिबात त्रास घेऊ नका, उघडूबिघडू नका, आहे तसाच आणा. दोन-तीनदा म्हणाला. उघडलंत का, उघडलंत का, असं विचारत होता.”

मी श्वास रोखला. म्हणजे माझ्यात होता तेवढा. बाईंकडे बघितलं. आता तरी! आता तरी यांची नजर वर येईल!

बाईंनी पान उलटलं. “हो का? बरं झालं,” त्या म्हणाल्या.

संपलं, असं मला वाटलं.

पण टेबलाशी डब्याचं झाकण लावणारा हात थांबला होता. “का?” मुलगी म्हणाली.

“काय का?” जावयाने विचारलं.

“उघडायचं का नाही? परतच घेणार आहे ना तो? मग आपण उघडलं काय अन् नाही काय, त्याचं काय जातंय?”

“अगं, वॉरंटी…”

“परत घेतलेल्या वस्तूची कसली वॉरंटी? अरे, कुठेतरी पाणी मुरतंय. स्क्रूड्रायव्हर दे.”

बाईंनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. “राहू दे गं,” त्या हळूच म्हणाल्या. “माझा स्वभाव लागला तुला.”

“लागू दे,” मुलगी म्हणाली, आणि माझ्यासमोर जमिनीवर मांडी घालून बसली.

स्क्रू निघाले, झाकण निघालं. तिने टॉर्च धरला, दोन बोटं घातली आणि ओढलं. मोजा आधी यायला तयार नव्हता. मग आला, करडा, पिठाने माखलेला, लांबच लांब. जावयाने खाली वाकून स्वतःचे पाय बघितले.

“माझा नाही हं,” तो म्हणाला.

मुलीला हसू आलं, हसताना खोकला आला, आणि खोकता खोकता ती रडायला लागली. बाई उठून तिच्याजवळ आल्या आणि तिच्या पाठीवरून हात फिरवत बसल्या. “चुकलं माझं, आई,” ती म्हणाली. “अगं, मलाच वाटलं होतं ना माझं चुकलं म्हणून,” बाई म्हणाल्या. मग दोघींनी मिळून माझं झाकण लावलं. एकेक स्क्रू बाईंनी स्वतः पिळला आणि मुलीने तो पुन्हा तपासून बघितला.

त्या दिवशी मी आयुष्यात पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला. काय ओढलं म्हणून सांगू! वाळू, केस, टाचण्या, आधीच्या भाडेकरूची नखं. पिशवी भरली, रिकामी केली, परत भरली. संध्याकाळी गालिचा हिरवा आहे हे कळलं. तोपर्यंत घरात सगळे त्याला तपकिरी समजत होते.

दुकानात बाई स्वतः गेल्या, मोजा घेऊन. तिथे काय झालं ते मला माहीत नाही, मी घरी होतो. जावई परत आला तो घामाघूम. एवढंच म्हणाला, “मी त्या माणसाच्या जागी नव्हतो, हे बरं झालं.” पुढच्या आठवड्यात त्याने नवा कुकर आणला, तेव्हा तो खोक्यासकट दारातच उभा राहिला. “आई, आधी तुम्ही बघा. मग आत आणतो.”

याला आता पुष्कळ दिवस झाले. माझे पट्टे कितीदा तरी बदलले. दांड्याला चिकटपट्टी आहे, पिशवीला ठिगळ आहे, पण मोटर तीच. घरच्यांना माझी एकच विनंती सांगा. मी थांबलो की मला त्या दुकानाकडे वळवू नका, आणि माझ्या जागी जो आणाल त्याचे स्क्रू आधी मोकळे करून बघा. मी असेपर्यंत इथेच बरा आहे. या घरातल्या माणसांवर माझा विश्वास आहे असं मी म्हणणार नाही, पण मी त्यांच्यावर नजर ठेवणं सोडलंय.

बाईंना आता फारसं दिसत नाही. मोतीबिंदू झालाय आणि ऑपरेशनला त्या तयार नाहीत, डॉक्टरांवर संशय आहे. कालच मुलगी मला फिरवत होती. हल्ली ती खोकत नाही, उलट गुणगुणते. बाई खुर्चीत पाय वर घेऊन बसल्या होत्या, डोळे मिटून.

“कोपरा राहिला,” बाई म्हणाल्या.

“केला आई.”

“नाही केलास.”

“अगं, तुला दिसतं तरी का?”

“नाही. पण राहिला.”

मुलीने हसत मला वळवलं आणि खुर्चीमागच्या कोपऱ्यात नेलं. कोपरा खरंच राहिला होता.