कडीला खोबरेल

खुशालराव नऊ वर्षांनी अमरावतीच्या जेलातून सुटले, ते थेट नांदगाव पेठला धाकट्या भावाकडे, नितेशकडे आले. शेताच्या धुऱ्याच्या, बांधाच्या भांडणात त्यांच्या हातून माणूस गेला होता. नितेशची बायको गीतांजली बीएस्सी झालेली. पण भासऱ्याशी, म्हणजे थोरल्या दिराशी, थेट बोलायचं नाही ही रीत तीही पाळायची. जे सांगायचं ते तीन वर्षांच्या लेकीमार्फत, आचलमार्फत.

"आचल, मोठ्या बाबाले म्हण, जेवाले वाढलं."

खुशालरावांची बाज अंगणातल्या खोलीत. नितेश कंपनीत गेला की घरात तिघंच. शेतातून वांगी तोडून आली की दुपारी गीतांजली आचलला ओसरीतल्या बाजेवर निजवायची आणि आंघोळीला जाण्याआधी त्या खोलीची कडी हळूच बाहेरून लावायची. कडी मेली करकरायची. आंघोळ झाली की काढून टाकायची. आतून कधी हूं की चूं नाही. याचीच तिला जास्त धास्ती.

"सोमवारी त्यायले अकोल्याले मावशीकडे पाठवा," तिनं नितेशला निक्षून सांगितलं होतं.

"माहा दादा हाय तो, गीता."

"अन् आचल कोन हाय?"

सहाव्या दिवशी कडी आवाज न करता सरकली. तिनं बोट लावून पाहिलं, तर तेल. वास खोबरेलाचा. धावत आत जाऊन देवळीतली आचलची बाटली बघितली, दोन बोटं उतरलेली. म्हणजे हा माणूस घरात शिरला होता. आणि बिनआवाजाची कडी कोणाला लागते? फटीतून बोट घालून ती गुपचूप सरकवणाऱ्यालाच.

त्या दिवशी तिनं आंघोळच केली नाही. चहाच्या वेळी आचलला कडेवर घेऊन ती दाराआड उभी राहिली.

"आचल, विचार मोठ्या बाबाले, तुह्या तेलाच्या बाटलीले कोनं हात लावला?"

"म्या देल्ली," आचल म्हणाली.

खुशालराव कपात बघत बोलले. "आचल, मायले सांग, मीच मांगतली. कडी लावतानी लय करकरे. तू दचकून उठे अन् रडे. मले आतून ऐकू ये." मग बशी खाली ठेवली. "मायले म्हन, लावत जा. मले त्याचं काई नाई."

गीतांजलीची कानशिलं तापली. पण गोड बोलूनही माणसं घरात पाय रोवतात, हेही तिच्या मनात आलंच.

संध्याकाळी नितेश म्हणाला, "सोमवारी बसवून देतो दादाले गाडीत."

"पुढच्या सोमवारचं पाहू."

"काहून? काई झालं?"

"काई नाई. वांगे तोडाले मानूस पायजे."

दुसऱ्या दिवशी तिनं कडी लावली नाही. झोपलेल्या आचलसकट बाज ओढत न्हाणीच्या दाराशी आणली. फरशीवर खरखर झाली. खोलीतून खोकला आला, आणि तिथंच राहिला. दार अर्धं उघडं ठेवून, मान बाहेर काढत काढत गीतांजलीनं दोन तांबे अंगावर घेतले.