तोमारोच्या पट्टीवरची पानं

"काकी, झग्यात काय आहे?" लेइतारेने वजनकाट्याकडे बघत विचारलं.

"काय असणार? मी आहे."

"मागच्या खेपेला तुम्ही एवढ्या नव्हता."

काकींनी इकडेतिकडे पाहिलं, झग्याच्या आत हात घातला आणि अळूचे दोन मोठाले गड्डे काढून काट्याशेजारी ठेवले. मागची रांग खो खो हसली. लेइतारेलाही हसू आलं, पण ते फार टिकलं नाही. विमान लहान असलं की माणसालाही सामानासारखं तोलावं लागतं, यात तिला काही नवीन नव्हतं. फक्त आजवर तोललेली माणसं घेऊन ती उडायची आणि तोलायचं काम दुसरं कुणीतरी करायचं.

आता तिला काट्यावर बसवलं होतं. कंपनीतली एकुलती एक बाई कॅप्टन, आणि काम काय, तर लोकांच्या झग्यातले गड्डे शोधायचे! कारण एवढंच होतं की तोमारो बेटावर नेलिन नावाची पोरगी बाळंतपणात अडली होती, विमान उतरायची गवताची पट्टी पावसाने भिजलेली होती, कंपनीने रेडिओवरून परत फिर म्हणून सांगितलं होतं आणि लेइतारे फिरली नव्हती. ती उतरली, नेलिनला उचललं आणि थेट राजधानीत, पोर्ट व्हिलाच्या इस्पितळात आणून पोचवलं. आई जगली, लेकरू जगलं.

"आणि विमान चिखलात रुतलं असतं तर?" मॅनेजर सायमन तारीने विचारलं होतं.

"रुतलं नाही."

"नशीब म्हणायचं."

"नशीब कसलं? पट्टी कुठे कडक आहे ते मला माहीत आहे. विमान माझ्या हातात होतं, निर्णय माझा होता."

"सगळ्या वैमानिकांसमोर उभी राहा आणि चूक झाली म्हण. दुसऱ्या दिवशी तुझं विमान तुला परत."

"चूक झाली असती तर म्हटलं असतं," असं सांगून ती जी काट्यावर जाऊन बसली, ती अजून तिथेच होती. जेवणाच्या सुट्टीत सगळे वैमानिक तिला समजवायचे. अगं, दोन शब्द तर आहेत, तोंड काय झिजतंय? ती म्हणायची, झिजतंय.

काकींना पुढे पाठवून तिने मान वर केली, तर तोमारोला गेलेलं विमान परत येऊन थांबत होतं. दार उघडलं आणि सकाळी गेलेली सगळीच्या सगळी माणसं, कोंबड्यांच्या टोपल्यांसकट, पुन्हा खाली उतरली. कॅप्टन जॉर्ज सर्वांत शेवटी आला.

"उतरता आलं नाही," तो म्हणाला. "पट्टीच्या मधोमध नामेलेची पानं रोवलीत. दोन, फुलीसारखी."

नामेलेची पानं म्हणजे मुखियाच्या परवानगीने घातलेली बंदी; ती रोवलेल्या जागी कुणी पाऊल टाकत नाही, मग तो पोलीस असो की पाद्री. सायमन तारी स्वतः बेटावरच वाढलेला. पानं ओलांडून उतर, असं कुठल्या वैमानिकाला सांगायची त्याची छाती नव्हती. त्याने लेइतारेला खोलीत बोलावलं.

"तोमारोचा मुखिया तुझा मामा ना? लाव फोन. मलाही ऐकू येऊ दे."

मामा फोनवर आला तेव्हा मागे कुणीतरी नारळ खवत होतं.

"मामा, पट्टीवर पानं कुणी रोवली?"

"नेलिनने. माझ्याकडे परवानगी मागायला आली, मी दिली."

"बाईमाणसाला?"

"तू विमान चालवतेस तेव्हा मी विचारलं का, बाईमाणसाला कसं म्हणून?"

सायमनने घसा खाकरला. "मुखियाजी, मी कंपनीतून बोलतोय. आमच्याकडून काही आगळीक झाली का?"

"तुमच्याकडून? छे छे! तुम्हीच म्हणालात ना, तोमारोवर उतरणं चूक आहे म्हणून? मग आमच्या जमिनीवर पुन्हा कुणाच्या हातून ती चूक कशाला होऊ द्यायची? बरं, ठेवतो. चुलीवर लापलाप आहे, करपेल."

"मामा, थांब!" लेइतारे ओरडली. "तिथे दोन बायकांचे दिवस भरत आलेत. आजारी माणसाला बोटीने आणायचं म्हणजे अर्ध्या वाटेत जीव जाईल. काढा ती पानं. माझ्यासाठी असला खेळ करू नका!"

"तुझ्यासाठी कुणी सांगितलं?" मामाचा आवाज जरा कडक झाला. "ज्याने रोवली त्यानेच काढायची. तू ये. त्या साहेबालाही घेऊन ये. मग बघू."

फोन बंद झाला. सायमन खिडकीबाहेर बघत होता.

"तू ते दोन शब्द म्हण," तो म्हणाला. "उद्या तूच विमान घेऊन चल, मी शेजारी बसतो. नाहीतर तोमारोचं नाव फेऱ्यांतून कायमचं काढायला वरचे साहेब टपलेच आहेत. मग तुझ्या त्या दोन बायकांचं काय ते तू बघ."

लेइतारे रात्रभर तळमळत राहिली. आपला हेका आणि तिथल्या दोन बायकांचे जीव, यांची तुलना तरी करायची का? सकाळी सगळे वैमानिक चहा घेऊन बसले असताना ती उभी राहिली.

"तोमारोला उतरले ती माझी चूक झाली," ती म्हणाली. "झालं? आता चावी द्या."

कुणी तिच्याकडे बघितलं नाही. जॉर्जने कप खाली ठेवला तेव्हा चहा बशीत सांडला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि त्याचाच तिला जास्त संताप आला होता.

तोमारो दिसू लागलं तेव्हा ऊन स्वच्छ होतं. बायकांनी पट्टीवरचं गवत कापून चटईसारखं केलं होतं. उतरू द्यायचं नाही आणि गवत मात्र कापायचं! मधोमध पानांची फुली होती आणि फुलीजवळ काखेत लेकरू घेऊन नेलिन उभी होती. तिच्या दुसऱ्या हातात पट्टीवरच्या खोपटातला रेडिओ होता.

"ताई, तू आहेस का?" विमानात आवाज आला.

"मीच आहे. नेलिन, पानं काढ."

"साहेब आहेत का शेजारी?"

सायमनने बटण दाबलं. "आहे. बोल."

"साहेब, उतरायचंय?"

"हो. उतरायचंय."

"पण ती चूक आहे ना?"

सायमनने लेइतारेकडे पाहिलं. तिने पंख कलवला आणि विमान बेटाभोवती गोल फिरू लागलं. खाली गावातली माणसं नारळांखाली येऊन उभी राहत होती.

"त्या दिवशी पट्टी ओली होती," सायमन रेडिओवर म्हणाला. "आज कोरडी आहे. दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत."

"त्या दिवशी माझं बाळ आडवं होतं," नेलिन म्हणाली. "ती गोष्ट तुम्ही धरली का? मला बोलता नाही येत साहेब तुमच्यासारखं. एकच सांगा. ताई उतरली ती चूक होती का? चूक असेल तर जा परत. आम्ही बोटीत मरू, आमचं आम्ही."

विमानाने दुसरा फेरा घेतला, मग तिसरा. या बेटांवर उडणारी सगळी विमानं एकाच रेडिओ-लहरीवर बोलतात, एकाचं बोलणं सगळ्यांना ऐकू येतं. एरवी तिथे सारखी बडबड चालू असते, कुठे वारा आहे, कुणाला उशीर झालाय. आता सगळे ऐकत होते.

"लेइतारे, तिला समजव ना," सायमन बटण न दाबता म्हणाला.

"ती मला विचारत नाहीये."

सायमनने कपाळ पुसलं. पट्टी कोरडी होती, गवत कापलेलं होतं, आणि परत जाऊन सांगायचं काय, तर एका पोरीने उतरू दिलं नाही. खाली नेलिनने लेकरू एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतलं. शेवटी त्याने बटण दाबलं.

"चूक नव्हती," तो पुटपुटला.

रेडिओ खरखरला. "सायमन, जॉर्ज बोलतोय. आवाज तुटला. पुन्हा सांगा."

आवाज मुळीच तुटला नव्हता. सायमनने डोळे मिटले.

"लेइतारे तोमारोला उतरली," तो मोठ्याने म्हणाला, "ती चूक नव्हती."

"आता स्वच्छ आलं," जॉर्ज म्हणाला.

"इकडेही आलं," आणखी कुठल्यातरी बेटावरून एक आवाज म्हणाला.

नेलिन वाकली, पानं उपटून खांद्यावर टाकली आणि पट्टीच्या कडेला जाऊन उभी राहिली. लेइतारेने विमान वाऱ्याच्या तोंडावर वळवलं.

"सकाळी मी जे म्हटलं," ती म्हणाली, "त्याचं काय?"

"काय म्हटलं होतंस?" सायमन समोर बघत म्हणाला. "मला तर काही आठवत नाही."

"मला आठवतंय. उद्या सगळ्यांसमोर परत घेणार आहे. तुम्ही पण या."

तिने इंजिनाचा जोर कमी केला आणि कापलेल्या गवतावर विमान टेकवलं.