रस्त्याखालचं घर

सुमेधनगरात सगळ्यात बुटकं घर कडुबा साळवेंचं. तसं ते बुटकं नव्हतं. बाकीची घरं उंच होत गेली.

बायपासपलीकडच्या या वस्तीत कुणी घर बांधायला काढलं की मिस्त्री आधी विचारायचा, "जोतं किती घ्यायचं?" मालक शेजाऱ्याच्या जोत्याकडं बघून सांगायचा, "त्याच्याहून फूटभर वर." कारण रस्ता होणार तो जुन्यावरच मुरूम ओतून, आणि पावसाचं पाणी शिरणार ते खालच्याच्या घरात. हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. कडुबांना मात्र मान्य नव्हतं. "रस्ता खोदून करायचा असतो," ते म्हणायचे. "नियम हाय तसा." वाळूजच्या कंपनीत सारी नोकरी मापात काढलेला माणूस. बजाजनगरची भाड्याची खोली सोडून इथं आले तेव्हा सगळं शेतच होतं. त्यांनी एका पायरीचं जोतं घेतलं आणि नकाशात रस्ता होता म्हणून आपली भिंतही मागं घेतली. बाकीच्यांनी जिने पुढं काढले. भल्याची दुनिया नाही, असं लोक उगाच म्हणत नाहीत.

रस्त्यासाठी कडुबांनी वॉर्ड ऑफिसात किती खेटे घातले, ते तिथल्या शिपायालाच विचारावं. साहेब बदलले, शहराचं नाव बदललं, वस्ती पसरत पार डोंगराला जाऊन टेकली. गल्लीतला चिखल तेवढा आपल्या जागी राहिला.

अखेर यंदा मंजुरी आली. ठेकेदाराच्या माणसांनी रस्त्याची उंची ठरवायला समोरच्या राजेंद्र मगरेच्या जोत्यापासून दोरी ताणली. राजेंद्रचं घर गल्लीत सगळ्यात नवं, म्हणून सगळ्यात उंच. दोरी कडुबांच्या दारासमोर आली तेव्हा ती त्यांच्या कमरेला लागली. त्यांना वाटलं, पोरांचं चुकलं. पोरांचं चुकलं नव्हतं.

"साहेब, माझं घर खड्ड्यात चाललंय," ते सुदर्शन नावाच्या तरुण इंजिनिअरला म्हणाले.

"पटतंय मला, काका. पण खोदायचं तर खाली ड्रेनेजची लाइन आहे. ती हलवायची तरतूद नाही. तुम्ही हरकत घ्या, मी काम थांबवतो. फक्त मार्च संपला की निधी परत जाईल. पुन्हा कधी येईल, ते मी सांगू शकत नाही."

तोवर गल्ली गोळा झाली होती. कडुबांनी मागं वळून पाहिलं. दारात त्यांची बायको मनकर्णाबाई पाय पसरून बसली होती. तिचे गुडघे गेलेले. आहे ती एक पायरी उतरतानाही सून रूपाला हात द्यावा लागायचा. दोरीएवढा रस्ता झाला तर या बाईचं बाहेर पडणंच संपलं. म्हणजे तिचा दवाखाना, बुद्धविहार, चार बायकांत बसणं, सगळंच.

आणि समोर राजेंद्र मान खाली घालून उभा होता. गेल्या पावसाळ्यात त्याची आई आवडाबाई छाती धरून बसली तेव्हा ॲम्ब्युलन्स गल्लीच्या तोंडाशीच चिखलात रुतली. चौघांनी म्हातारीला खाटेवर घालून नेलं. त्यातले एक कडुबा. बायपासचे दिवे दिसायला लागले आणि तिचा हात खाटेवरून खाली लोंबला. कडुबांचा तो खांदा अजून हलका झाला नव्हता.

"काका, तुमी नाय म्हनला तर मी बी नाय म्हनतो," राजेंद्र म्हणाला.

कडुबांना त्याची चीड आली आणि कीवही आली. "जोतं चढवायच्या वक्ताला इचारलं व्हतं का मला?" ते बोलून गेले. मग भांडायचंही त्राण उरलं नाही. "टाका, साहेब. टाकून मोकळे व्हा."

रात्रीचं जेवण झालं. ताट सारून मनकर्णाबाई म्हणाली, "मला इचारायचं तरी."

"तू नाय म्हनली असती तर?"

"नसते म्हनले. आवडा माझीच मैतरीण व्हती. पर इचारायचं व्हतं."

 कडुबांनी नुसता हात धुतला.

महिन्याभरात काँक्रीट पडलं. गल्लीत रिक्षा आल्या, पाण्याचा टँकर थेट दारात आला, आणि वस्तीनं ठरवलं की कडुबांचा सत्कार करायचा, तोही त्यांच्याच दारासमोर. नको म्हणून ते थकले, पण ऐकतो कोण! मुलगा अभयनं रस्त्यावर चढायला विटांच्या पायऱ्या रचल्या. रूपानं सासूला हाताला धरून आणलं. दुसऱ्या पायरीला गुडघ्यानं दगा दिला, तशी मनकर्णाबाई मागं फिरून उंबऱ्यात बसली. "जा तुमी," म्हणाली. "मला हितून दिसतंय."

वर भाषणं झाली. शाल आली, नारळ आला, जय भीमचा गजर झाला. राजेंद्र बोलायला उभा राहिला आणि रडला. टाळ्या चालू असतानाच कडुबा भिंत धरत खाली उतरले आणि शालीसकट बायकोशेजारी टेकले.

"दिसलं का गं समदं?"

"दिसलं की," ती म्हणाली. "तुमच्या डाव्या चपलीचा पट्टा तुटायला आलाय. एवढ्या मानसांत जाताना दुसरी तरी घालायची."

कडुबांनी वर पाहिलं. डोळ्यांसमोर नुसते पाय होते. त्यांतले राजेंद्रचे कोणते, ते त्यांना ओळखता येईना.